नवी वस्ती आणि जुना नाला

वऱ्हाडांतील कोणत्याहि जुन्या गांवाचें शिवार दोन नांवांनीं ओळखलें जातें. एक पांढरी आणि दुसरी काळी. पांढरीवर घरें असावीं, काळींत पीक यावें, अशी ही जुनी वांटणी आहे. पांढरी म्हणजे बहुधा शिवारांतील एखादा उंचवटा. पिढ्यान्‌पिढ्या तेथें मातीचीं घरें बांधलीं गेलीं, पडलीं, त्यांच्याच मातीवर पुन्हां नवीं उभीं राहिलीं, आणि तो उंचवटा आणखी वर चढत गेला. पाटलाची गढी असली तर ती त्याहूनहि उंच. हें सारें कोणी गणित मांडून केलें नव्हतें. ज्यांनीं सखल जागीं घरें बांधलीं त्यांचीं घरें टिकलीं नाहींत, एवढाच त्यामागचा इतिहास असावा. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, नाल्याला पूर आला म्हणजे गांवकरी वेशीजवळ उभे राहून तो पाहत. पूर त्यांना पाहावयास घरांत येत नसे.

ती वांटणी आतां मोडली आहे, आणि ती मोडणें अपरिहार्यहि होतें. राळेगांवचेंच उदाहरण घ्यावें. यवतमाळ जिल्ह्यांतील हें तालुक्याचें ठिकाण. कापसाचा बाजार, सरकारी कचेऱ्या, शाळा आणि दवाखाने येथें असल्यामुळें आसपासच्या खेड्यांतील कुटुंबें मुलांच्या शिक्षणासाठीं येथें येऊन राहतात. निवृत्त झालेला कारकून, बदलून आलेला शिक्षक, दोन वर्षें कापसाला बरा भाव मिळालेला शेतकरी, ह्या प्रत्येकाला आपलें म्हणून एक घर हवें असतें. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. पण पांढरी कांहीं वाढली नाहीं. म्हणून गांवालगतचें शेत विकलें जातें, त्याचा अकृषिक परवाना निघतो, चुन्याच्या फक्कीनें रेषा ओढल्या जातात, सिमेंटचे खुंट रोवले जातात आणि रस्त्याच्या कडेला रंगीत फलक लागतो. विदर्भांत ह्या प्रकाराला सर्वत्र ‘ले-आऊट’ म्हणतात. येथेंहि तोच शब्द वापरणें सोयीचें होईल.

ले-आऊट पाहण्याचा हंगाम म्हणजे उन्हाळा. चैत्र-वैशाखांत काळ्या जमिनीला हात हात खोल भेगा पडलेल्या असतात. चोहोंकडे सारखेंच सपाट दिसतें. कडेचा नाला कोरडा ठणठणीत असतो. त्यांत बाभळीच्या सावलीला गुरें बसलेलीं असतात. एखाद्या चौकस गिऱ्हाइकानें त्या नाल्याकडे बोट दाखविलेंच, तर ‘तो कसला नाला, शेताचा चर आहे, पाईप टाकून बुजवूं’ असें उत्तर मिळतें. गिऱ्हाइकाचें समाधान होतें. आयुष्यभराची शिल्लक, पत्नीचे दागिने आणि बँकेचें कर्ज मिळून त्या जागेचें खरेदीखत होतें. त्या दिवशीं आकाशांत एकहि ढग नसतो.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला ठाऊक असतो, घर बांधणाराला तो ठाऊक असतोच असें नाहीं. पहिला पाऊस ती भेगांतून अधाशासारखा पिते. मग ती फुगते, भेगा मिटतात, आणि आषाढाच्या मध्यानंतर तिच्यावर पडलेलें पाणी आंत शिरण्याऐवजीं वरूनच वाहूं लागतें. ह्या भागांत वर्षाकाठीं सुमारें ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा वांटा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतला असतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे महसूल खातें त्याला अतिवृष्टि म्हणतें. १०० मिलिमीटर पाऊस एका दिवसांत पडणें हेंहि येथें अपूर्व नव्हे. दहा एकरांच्या ले-आऊटवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर तें पाणी होतें सुमारें ४० लाख लिटर. शेत होतें तेव्हां धुरे हें पाणी अडवीत, पिकांच्या ओळी त्याला वळसे घ्यावयास लावीत, कांहीं जमिनींत मुरे आणि उरलेलें सावकाश नाल्याला जाऊन मिळे. ले-आऊटमध्यें धुरे मोडलेले असतात. छपरें, फरसबंद अंगणें आणि डांबरी रस्ते पाण्याचा थेंबहि पोटांत घेत नाहींत. पाणी तेवढेंच असतें, पण तें एकाच वेळीं आणि एकाच ठिकाणीं येऊन उभें राहतें.

आणि त्याच वेळीं नाला मात्र अरुंद झालेला असतो. ‘पाईप टाकून बुजवूं’ ह्या वाक्याचा हिशेब सातवींतील मुलालाहि करतां येईल. तीन मीटर रुंद व दीड मीटर खोल अशा नाल्याच्या तोंडाचें क्षेत्र साडेचार चौरस मीटर भरतें. एक मीटर व्यासाच्या पाईपाचें तोंड पाऊण चौरस मीटरांहून किंचित् अधिक, म्हणजे नाल्याच्या जवळजवळ सहाव्या हिश्श्याइतकें. शेजारीं शेजारीं दोन पाईप टाकले तरी तिसरा हिस्साच होतो. त्यांत पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या आणि आजकालच्या प्लास्टिकच्या पिशव्या येऊन अडकल्या म्हणजे उरलेंसुरलें तोंडहि बंद होतें. मग नाला आपल्या जुन्या वाटेनेंच जातो. फक्त त्या वाटेवर आतां घरें असतात.

राळेगांव कांहीं वर्धेच्या कांठावर नाहीं, मग पुराची एवढी चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु वर्धा नदी तालुक्याच्या शिवेवरून जाते. पलीकडे देवळी आणि हिंगणघाट हे तालुके लागतात. मध्यप्रदेशांत मुलताईच्या परिसरांत उगम पावलेली ही नदी इकडे येईपर्यंत अनेक नद्यांचें पाणी घेऊन येते. बेंबळा तर तिला यवतमाळ जिल्ह्यांतच मिळते. तालुक्यांतील बहुतेक नाले शेवटीं ह्याच नदीच्या आश्रयाला जातात. नदी दुथडी भरून वाहूं लागली म्हणजे ती नाल्यांना आंत घेत नाहीं. त्यांचें पाणी मागें तुंबत जातें. ह्यालाच फुगवटा म्हणतात. अशा वेळीं आपल्या गांवीं पाऊस थांबून ऊन पडलेलें असलें तरी सखल भागांतील पाणी उतरत नाहीं, कारण तें जावयाचें त्या ठिकाणींच जागा नसते. जुलै २०२२ मध्यें वर्धेच्या पुरानें यवतमाळ, वर्धा आणि चंद्रपूर ह्या तिन्ही जिल्ह्यांतील नदीकांठचीं गांवें वेढलीं गेलीं होतीं. पुढच्याच वर्षीं, २२ जुलै २०२३ रोजीं, अतिवृष्टीमुळें ह्याच जिल्ह्यांतील महागांव तालुक्यांत आनंदनगर येथें ४५ माणसें पुराच्या वेढ्यांत सांपडलीं आणि त्यांच्या सुटकेसाठीं वायुसेनेचीं हेलिकॉप्टरें मागवावीं लागलीं.

ह्याच वर्धा नदीच्या वरच्या अंगाला, नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यांत, मोवाड नांवाचें गांव आहे. ३० जुलै १९९१ रोजीं नदीचा लोंढा त्या गांवांत शिरला आणि २०४ माणसें मृत्युमुखीं पडलीं. मोवाड हें कांहीं चार झोपड्यांचें खेडें नव्हतें. नगरपालिका असलेलें तें जुनें गांव. त्यानंतर तें नव्या जागीं वसवावें लागलें. एका गांवाला आपलें देऊळ, आपली शाळा आणि आपला बाजार सोडून दुसरीकडे जाऊन राहणें काय असतें, ह्याची कल्पना केलेली बरी. पण येथें लक्षांत घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. नवें मोवाड वसवितांना पाण्याचा विचार सर्वांत आधीं झाला, कारण २०४ मृत्यूंनीं तो करावयास लावला. राळेगांवला आज तोच विचार कोणाचाहि जीव न जातां करतां येण्यासारखा आहे.

शहरांतील सुशिक्षित वस्त्याहि ह्यांतून सुटत नाहींत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरांत अवघ्या कांहीं तासांत १०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव भरून ओसंडला आणि त्याच्या खालच्या बाजूस असलेल्या अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा प्रतिष्ठित वस्त्यांत लोक झोपेंतून उठले तों पाणी खाटेला लागलेलें. मोटारी वाहून गेल्या, माणसेंहि दगावलीं. ह्या वस्त्या झोपडपट्ट्या नव्हत्या. तेथें रस्ते होते, गटारें होतीं, मंजूर नकाशे होते. म्हणजे नकाशा मंजूर असणें आणि घर कोरडें राहणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरकारी नियमांत पुरासाठीं दोन रेषा सांगितल्या आहेत, एक निळी आणि एक लाल. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराचें पाणी जेथवर पोंचतें ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आंत बाग, क्रीडांगण असा मोकळा वापर तेवढा असावा. दोन्ही रेषांमधील पट्ट्यांत नवें घर बांधावयाचें तर त्याचें जोतें लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर उंच असावें, असें डिसेंबर २०२० मध्यें लागू झालेली राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली सांगते. येथें ‘पंचवीस वर्षांतून एकदां’ ह्या शब्दांनीं मोठा घोटाळा होतो. मोठा पूर दोन वर्षांपूर्वीं येऊन गेला, आतां तेवीस वर्षें निश्चिंती, असा अर्थ पुष्कळ लोक घेतात. तसें नाहीं. प्रत्येक वर्षीं असा पूर येण्याचा संभव शंभरांत चार असतो, आणि गेल्या वर्षीं तो आला होता कीं नाहीं ह्याची आकाशाला आठवण नसते. न येण्याचा संभव शंभरांत ९६. तीसहि वर्षें तो न येण्याचा संभव काढावयाचा तर ०.९६ ला तीस वेळां मांडून गुणावें लागतें, आणि उत्तर शंभरांत सुमारें २९ येतें. म्हणजे घरांत तीस वर्षें काढणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला असा पूर एकदां तरी येण्याचा संभव शंभरांत ७१. लाल रेषेचा पूर पन्नास वर्षांत एकदां तरी दिसण्याचा संभवहि शंभरांत चाळिसांच्या घरांत जातो. शिवाय हें गणित मागील नोंदींवर बसविलेलें असतें. अलीकडे थोड्या तासांत फार पाऊस पडण्याचे प्रसंग वाढत चालले आहेत, हें ध्यानांत घेतलें तर हे आंकडे कमीच धरले पाहिजेत.

अडचण अशी कीं ह्या रेषा मुख्यतः नद्यांसाठीं आंखल्या जातात. ले-आऊटच्या कडेनें जाणाऱ्या निनांवी नाल्याच्या वाट्याला त्या क्वचितच येतात. त्याच्याकरितां सर्वसाधारण नियम आहे: नाल्याच्या पाण्याच्या खुणेपासून ९ मीटर आणि नदीच्या खुणेपासून १५ मीटर अंतर सोडावें. नियम नसण्यापेक्षां हा बरा. पण शंभर एकरांचें पाणी आणणारा नाला आणि दोन हजार एकरांचें पाणी आणणारा नाला ह्या दोघांना एकच ९ मीटरांचें माप लावणें म्हणजे पांच वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आजोबांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखें आहे. नऊ मीटर हें कमींत कमी अंतर. तेवढें सोडलें म्हणजे काम संपलें, असें मानण्याची जी पद्धति पडली आहे तीच घातक आहे.

मग नाल्याची खरी रुंदी समजावी कशी? त्यासाठीं फार मोठ्या यंत्रांची गरज नाहीं. नाला स्वतःच सांगत असतो. पूर ओसरल्यावर बाभळीच्या फांद्यांना वाळलेलें गवत, पऱ्हाटी आणि चिंध्या अडकून राहतात. जमिनीपासून त्यांची उंची मोजावी. पुलाच्या खांबावर गाळाची फिकट रेघ उमटलेली असते. विहिरीच्या किंवा चराच्या कापांत काळ्या मातीच्या थरांमध्यें वाळूचा पातळ थर दिसला तर पाणी तेथवर जोरानें येऊन गेलें आहे, असें खुशाल समजावें. शिंदीचीं झाडें जेथें आपोआप उगवतात तेथें ओल टिकते. एखाद्या शेताला ‘लवणांतलें’ किंवा ‘चिबडाचें’ असें नांव पडलें असेल तर तें नांव उगीच पडलेलें नसतें. श्रावणांत तेथें बैल घालतां येत नाहीं म्हणून तें पडलेलें असतें. आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे ज्यानें त्या शेतांत चाळीस वर्षें नांगर धरला त्याला विचारावें. शेत विकून झाल्यावर तो खरें सांगतो. विकण्यापूर्वीं विचारावयाचें तर त्याच्या शेजाऱ्याला विचारावें.

कागदहि बोलतात. गांवनकाशांत नाला दाखविलेला असतो; सातबाऱ्यावर पोटखराब्याची नोंद असते, आणि त्यांतील ‘ब’ वर्गांत रस्ता, नाला अशा सार्वजनिक उपयोगाखालचें क्षेत्र धरलेलें असतें. शेताच्या सातबाऱ्यावर असें क्षेत्र आहे आणि ले-आऊटच्या नकाशांत मात्र तेथें प्लॉट क्रमांक अमुक ते अमुक आहेत, असें आढळलें तर खरेदीची घाई करूं नये, हें सांगावयास वकील लागत नाहीं.

परंतु हा सारा भार गिऱ्हाइकावरच टाकणें न्यायाचें नव्हे. पुराचें नशीब ठरतें तें ले-आऊटचा नकाशा काढला जातो त्या दिवशीं. आज तो ज्या क्रमानें काढला जातो तो उलटा आहे. आधीं जास्तींत जास्त प्लॉट पाडतात, मग त्यांना पोंचतील असे रस्ते काढतात, रस्त्यांच्या कडेला गटारें येतात, आणि हीं गटारें कोठें नेऊन सोडावयाचीं हा प्रश्न अगदीं शेवटीं उरतो. हा क्रम फिरविला पाहिजे. प्रथम जमिनीचे चढउतार मोजावे आणि अर्ध्या अर्ध्या मीटरच्या अंतरानें समोच्च रेषा काढाव्या. त्यांवरून वरच्या शेतांतून किती पाणी येतें आणि कोठून येतें तें ठरवावें, कारण ले-आऊटला केवळ आपल्या दहा एकरांचें पाणी वाहून न्यावयाचें नसतें, माथ्यावरच्या सगळ्या शिवाराचें न्यावयाचें असतें. त्या पाण्याला जी वाट लागेल ती उघडी सोडावी. मग रस्ते, आणि उरेल त्या जागेंत प्लॉट. चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या ले-आऊटमध्यें १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ती आज बहुधा ज्या कोपऱ्यांत एकहि प्लॉट बसत नाहीं अशा तिरप्या तुकड्यांत ढकललेली असते. तीच नाल्याच्या कडेनें लांबट पट्ट्यासारखी ठेवली तर आठ महिने मुलांना खेळावयास मैदान मिळेल आणि पावसाळ्यांत चार-दोन दिवस पाण्याला पसरावयास जागा. मालकाचे प्लॉट त्यामुळें फारसे कमी होत नाहींत. फक्त त्यांची जागा बदलते. हॉलंडसारख्या देशानें शेंकडों वर्षें बांध घालून पाणी रोखलें. पण १९९५ सालीं पुराच्या भीतीनें सुमारें अडीच लाख माणसें हलवावीं लागल्यानंतर तेथेंहि कांहीं ठिकाणीं बांध मागें घेऊन नदीला अधिक जागा देण्यांत आली.

नकाशांत हें झालें नाहीं तर पुढें काय होतें तें कोणत्याहि पांच-सात वर्षांच्या ले-आऊटमध्यें पाहावयास मिळतें. एक जण दोन फूट मुरूम टाकून आपली जागा उंच करतो. त्याचें पाणी शेजाऱ्याच्या अंगणांत जातें. शेजारी तीन फूट भर घालतो. मग रस्ता होतो आणि तो दोघांच्याहि वर येतो. ज्यानें सर्वांआधीं, सर्वांत काटकसरीनें घर बांधलें त्याचा उंबरठा आतां रस्त्याच्या खालीं गेलेला असतो, आणि पावसाळ्याच्या प्रत्येक रात्रीं त्या घरचीं माणसें दाराशीं पोतीं रचून बसतात. शेजाऱ्यांचें बोलणें बंद होतें. प्रकरण कचेरींत जातें, पण कचेरीला पाणी मागें फिरवितां येत नाहीं. शोषखड्डे खणावे असा सल्ला मिळतो. पण निव्वळ काळ्या मातींत खणलेला शोषखड्डा भाद्रपदांत विहिरीसारखा भरलेला असतो. खालचा मुरूम लागेपर्यंत तो नेला तरच कांहीं उपयोग. याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाहीं. पुराचें पाणी संडासांच्या टाक्यांत शिरून बाहेर येतें, तेंच पिण्याच्या विहिरींत उतरतें, आणि पूर ओसरल्यावर आठवड्यानें घरोघरीं जुलाब-वांतीचे रोगी दिसूं लागतात. त्या दुखण्याचा आणि ले-आऊटच्या नकाशाचा संबंध जोडण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

नकाशा मंजूर करणाऱ्या कचेऱ्यांनीं चढउतारांचा आलेख आणि पाण्याचा हिशेब ह्यांवांचून अर्जच घेऊं नये, हें तर उघडच आहे. पण नगरपंचायतीला त्याच्या आधींहि एक काम करतां येईल. प्रत्येक पुरानंतर, चिखल वाळण्यापूर्वीं, एखाद्या कर्मचाऱ्यानें गांवाभोंवतालच्या नाल्यांवरून फिरावें आणि पाणी जेथवर चढलें होतें तेथें विजेच्या खांबावर, पुलाच्या कठड्यावर, शाळेच्या भिंतीवर लाल रंगाची एक रेघ ओढून तिच्याखालीं तारीख लिहावी. खर्च रंगाच्या एका डब्याचा. वैशाखांत प्लॉट पाहावयास येणारा गिऱ्हाईक मग त्या खांबाशीं उभा राहून रेघ आपल्या गुडघ्याला लागते कीं छातीला, एवढें स्वतःच पाहूं शकेल.